अंदाजाला तंतोतंत जुळणारा नफा: तो कसा घडतो आणि कुठे सापडतो

आपल्या प्रश्नाचा आशय आधी माझ्या शब्दांत मांडतो. आपण सहा वर्षांपासून एका सूचीबद्ध कंपनीचे भागधारक आहात. कंपनीची विक्री तिमाहीगणिक बरीच वरखाली होते, परंतु नफा मात्र गेल्या १४ तिमाहींत व्यवस्थापनाने आधी जाहीर केलेल्या अंदाजापेक्षा दर वेळी थोडासाच अधिक आला आहे. लेखापरीक्षकांच्या अहवालात एकदाही आक्षेप नाही. एका परिचितांनी आपल्याला सांगितले की ‘नफा पाहिजे तसा बसवता येतो’. हे खरे आहे का, लेखापरीक्षकांच्या नजरेखालून ते कसे निसटते आणि बाहेरच्या माणसाला ते ओळखता येते का, असे आपण विचारले आहे.

माझे आयुष्य लेखापरीक्षणात आणि पुढे आर्थिक गैरव्यवहारांच्या चौकशीत गेले. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ही सांगेन, की ‘माझी कंपनी लबाडी करते का’ हा प्रश्न आपण समजता तितका उपयोगी नाही. त्याचे उत्तर बाहेरून बहुधा मिळत नाही आणि अनेकदा आतूनही लवकर मिळत नाही. विचारण्याजोगा प्रश्न असा आहे: या नफ्यातील किती भाग प्रत्यक्ष घडलेल्या व्यवहारांतून आला, किती भाग कोणाच्या तरी अंदाजातून आला आणि ते अंदाज वर्षानुवर्षे एकाच दिशेला झुकत आहेत का?

कारण नफा ही मोजून हातात घेता येणारी वस्तू नाही. बँकेतील शिल्लक मोजता येते, गोदामातील पोती मोजता येतात. नफा काढताना मात्र उधारीपैकी किती बुडेल, यंत्र किती वर्षे चालेल, हमीच्या मुदतीत किती माल परत येईल, अर्धवट झालेल्या कंत्राटाचे किती काम पूर्ण झाले, न्यायालयात पडून असलेल्या दाव्यात किती द्यावे लागेल, हे सगळे ठरवावे लागते. त्याशिवाय हिशेबच पुरा होत नाही, म्हणून नियमांनी व्यवस्थापनाला हे अधिकार दिलेले आहेत आणि ते योग्यच आहे. साधे उदाहरण घ्या. एका कंपनीची येणी १,००० आहेत आणि वर्षाचा नफा १०० आहे. बुडीत उधारीसाठी पाच टक्के तरतूद करायची की चार टक्के, यावर दोन प्रामाणिक माणसांचे मतभेद सहज होऊ शकतात. पण पाचऐवजी चार धरले की नफा १०० चा ११० होतो. मतभेद एका टक्क्याचा, नफ्यातील फरक दहा टक्क्यांचा. आपल्या कंपनीने अंदाज ओलांडताना जो ‘थोडासा’ फरक दाखवला, तो बहुतेक वेळा अशा एखाद्या टक्क्यात मावतो.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. द्विनोंदी पद्धतीत एका बाजूला लिहिलेली रक्कम दुसऱ्या बाजूला कुठेतरी उतरावीच लागते. नफा न कमावता वाढवला, तर तेवढ्याच रकमेने एखादी मालमत्ता फुगते किंवा एखादे देणे आक्रसते. म्हणजे नफा-तोटा पत्रकात क्षणभर दिसून गेलेली ती रक्कम ताळेबंदात मुक्कामाला येते आणि तिथेच राहते: कधी येण्यांमध्ये, कधी मालसाठ्यात, कधी ‘चालू भांडवली कामां’मध्ये (म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या इमारती-यंत्रांवरील खर्चात), कधी नुसत्या बँक शिल्लकेत. शिवाय ती तिथे स्वस्थ बसत नाही. पुढच्या वर्षी ती बाहेर काढावी लागते, अन्यथा तिला झाकण्यासाठी आणखी रक्कम आत घालावी लागते. म्हणून मी नफा ‘वाढवला’ असे क्वचितच म्हणतो. बहुतेक वेळा तो पुढच्या काळाकडून उसना घेतलेला असतो. आपण नफा-तोटा पत्रक पाहत बसलात तर काही दिसणार नाही. ताळेबंदात मुक्काम शोधावा लागतो.

सर्वाधिक प्रकार घडतात ते महसुलाच्या नोंदीत. तत्त्व सोपे आहे. मालावरचे किंवा सेवेवरचे नियंत्रण ग्राहकाकडे गेले की महसूल धरायचा. आंतरराष्ट्रीय लेखामानकांतील आयएफआरएस १५ हे मानक २०१८ पासून लागू झाले आणि भारतातही त्याच वर्षीच्या एप्रिलपासून त्याच धर्तीचे इंड एएस ११५ आले. दोन्हींचा गाभा हाच आहे. अडचण तत्त्वात नसून तारखेत असते. तिमाहीच्या अखेरच्या आठवड्यात वितरकांना सांगितले जाते की पुढच्या तीन महिन्यांचा माल आत्ताच उचला, पैसे सावकाश द्या, खपला नाही तर पाहू. बीजक खरे असते, माल खरोखर गोदामातून निघालेला असतो, वितरकही खरा असतो. केवळ ती विक्री पुढच्या तिमाहीची असते. ‘खपला नाही तर पाहू’ हे वाक्य कुठे लिहिलेले सापडत नाही. ते तोंडी दिलेले असते किंवा विक्री अधिकाऱ्याच्या एखाद्या खासगी पत्रात असते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे माल ग्राहकाकडे न पाठवताच विक्री धरणे. घरगुती उपकरणे बनवणाऱ्या सनबीम या अमेरिकी कंपनीने १९९७ मध्ये हिवाळ्यातच बागेत वापरायच्या शेगड्यांची विक्री नोंदवली. किरकोळ विक्रेत्यांना सवलत आणि उशिरा पैसे देण्याची मुभा मिळाली, माल मात्र त्रयस्थाच्या गोदामात पडून राहिला. अमेरिकेच्या रोखे नियामकाने पुढे जे आरोप ठेवले त्यांनुसार, त्या वर्षीच्या १८.९ कोटी डॉलर विक्रमी नफ्यापैकी किमान ६ कोटी डॉलर अशा आणि इतर क्लृप्त्यांतून आले होते.

मी स्वतः हे कसे तपासत असे, ते सांगितल्यास विचारपद्धती लक्षात येईल. वर्षअखेरीच्या बीजकांकडे मी फारसे पाहत नसे, कारण ती नीटनेटकी ठेवलेली असतात. मी वर्ष संपल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतील क्रेडिट नोटांची, म्हणजे माल परत आल्यावर ग्राहकाच्या नावे रक्कम वजा करणाऱ्या कागदांची, फाईल मागवत असे. एका कंपनीत ती फाईल मिळायला चार दिवस लागले. मिळाली तेव्हा वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत झालेल्या विक्रीचा मोठा हिस्सा तीन निवडक वितरकांकडून ‘गुणवत्तेच्या कारणास्तव’ परत आलेला दिसला. तोच माल, त्याच पेट्यांतून. परत आलेल्या पेट्या उघडल्याही गेल्या नव्हत्या. मग गुणवत्ता तपासली कोणी, एवढाच प्रश्न मी बैठकीत विचारला आणि त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

दीर्घ मुदतीच्या कंत्राटांत तर तारखेचाही आधार राहत नाही. पूल, जनित्र किंवा मोठी संगणक प्रणाली उभारताना झालेल्या कामाच्या टक्केवारीनुसार महसूल धरला जातो आणि ती टक्केवारी काढण्यासाठी एकूण खर्चाचा अंदाज लागतो. तो अंदाज कमी ठेवला की काम अधिक झालेले दिसते आणि कंत्राट तोट्यात असल्याचेही लपते. जपानच्या तोशिबा कंपनीत २०१५ मध्ये नेमलेल्या स्वतंत्र समितीला सुमारे सात वर्षांत मिळून जवळपास १५,२०० कोटी येन इतका नफा जादा दाखवल्याचे आढळले आणि त्यात अशा कंत्राटांचा मोठा वाटा होता. तेथील वरिष्ठ अधिकारी विभागप्रमुखांना गाठता न येणारी नफ्याची उद्दिष्टे देत आणि त्यांना ‘चॅलेंज’ म्हणत. खोटा आकडा लिहा असे कोणी सांगत नव्हते. आकडा गाठा एवढेच सांगितले जात होते आणि उरलेले खालच्या लोकांना समजत होते. माझ्या पाहण्यातील बहुतेक प्रकरणे याच रीतीने सुरू झालेली आहेत.

खर्चाच्या बाजूला मुख्य युक्ती एकच आहे: या वर्षीचा खर्च मालमत्ता म्हणून लिहायचा, म्हणजे तो अनेक वर्षांत थोडा थोडा उतरतो. वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यासाठी दिलेले भाडे, म्हणजे अगदी रोजचा खर्च, भांडवली खर्च म्हणून नोंदवले. जून २००२ मध्ये हे बाहेर आले तेव्हा पाच तिमाहींतील ३८० कोटी डॉलर अशा रीतीने हलवलेले सापडले आणि पुढे एकूण गैरव्यवहार सुमारे १,१०० कोटी डॉलरपर्यंत गेला. ते शोधले कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने. तपासाचे एक सूत्र साधेच होते: एवढी भांडवली रक्कम लिहिली आहे, तर तिच्याबद्दल उभी राहिलेली मालमत्ता दाखवा.

घसाऱ्याचा प्रकार याहून सौम्य असतो आणि तो बहुतांशी पूर्णपणे नियमांत बसतो. १,२०० किमतीचे यंत्र सहा वर्षे चालेल असे धरले तर दरवर्षी घसारा २००, आठ वर्षे धरले तर १५०. नफा दरवर्षी ५० ने वाढला. यंत्र प्रत्यक्षात सहाव्या वर्षीच निकामी झाले, तर पुस्तकात त्याची ३०० किंमत शिल्लक असते आणि ती एका फटक्यात ‘अपवादात्मक बाब’ म्हणून उतरवली जाते. सहा वर्षे घेतलेले पन्नास पन्नास असे एकदम परत करावे लागतात, फक्त परत करताना त्यांना वेगळे नाव मिळते आणि विश्लेषक त्यांच्याकडे काणाडोळा करतात. कचरा वाहून नेणाऱ्या वेस्ट मॅनेजमेंट या कंपनीने १९९२ ते १९९७ या काळात ट्रकांचे आयुष्य लांबवणे, भंगाराची किंमत फुगवून धरणे अशा उपायांनी नफा वाढवला आणि शेवटी १७० कोटी डॉलरची दुरुस्ती करावी लागली.

परंतु येथे मला हात आखडता घ्यावा लागतो, कारण आयुर्मान वाढवणे म्हणजे लबाडी असे मुळीच नाही. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिने २०२३ च्या आरंभी सर्व्हरचे आयुष्य चारऐवजी सहा वर्षे धरायचे ठरवले आणि त्यामुळे त्या वर्षीचा घसारा सुमारे ३४० कोटी डॉलरने कमी होईल असे उघडपणे सांगितले. दुसरीकडे ॲमेझॉनने २०२५ पासून आपल्या काही सर्व्हरचे आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणले. व्यवसाय मिळताजुळता, यंत्रेही त्याच जातीची, निर्णय उलट्या दिशांचे, आणि दोन्ही जाहीर केलेले. बाहेरच्या वाचकाला यात कोण बरोबर हे ठरवता येत नाही. बदल कळवला गेला का, त्याचा नफ्यावरील परिणाम आकड्यात दिला का आणि तो बदल वगळल्यास नफा वाढला असता का, एवढे मात्र तपासता येते.

तिसरा प्रकार तरतुदींचा, आणि आपल्या प्रश्नाशी तो सर्वांत जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक थांबतो. नफा वाढवण्यासाठीच वाकवला जातो हा समज चुकीचा आहे. चांगल्या वर्षी तो दडवला जातो. अंदाजापेक्षा बराच अधिक नफा झाला तर व्यवस्थापनाला आनंदाबरोबर धास्तीही वाटते, कारण पुढच्या वर्षीची अपेक्षा तिथून मोजली जाणार असते. मग हमीचे दावे, वादग्रस्त कर, मालसाठ्याची घट, पुनर्रचना अशा नावांखाली तरतूद जरा सढळ हाताने केली जाते. सावधगिरी म्हणून कोणी आक्षेप घेत नाही. लेखापरीक्षकही, खरे सांगायचे तर, जास्त तरतुदीविरुद्ध तितक्या त्वेषाने भांडत नाही जितका तो कमी तरतुदीविरुद्ध भांडतो. वाईट तिमाही आली की तीच तरतूद ‘आता गरज नाही’ म्हणून परत नफ्यात घेतली जाते. विक्री वरखाली होत असताना नफा सरळ रेषेत चालण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. अमेरिकी रोखे नियामकाचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी सप्टेंबर १९९८ मधील एका गाजलेल्या भाषणात या साठ्यांना खाऊच्या बरणीची उपमा दिली होती.

याचाच मोठा भाऊ म्हणजे एका वर्षात सगळी घाण धुऊन काढणे. तोटा होणारच आहे, मग तो दहाऐवजी तीस दाखवला तरी शिक्षा तेवढीच. नवे मुख्याधिकारी आले की पहिल्याच वर्षी जुन्या मालमत्तांची किंमत मोठ्या प्रमाणात उतरवतात, दोष आधीच्या माणसाच्या खात्यावर जातो आणि पुढील वर्षांचा घसारा व खर्च आपोआप हलका होतो. सनबीमचा १९९७ मधील ‘चमत्कार’ काही अंशी १९९६ मध्ये अशाच भरून ठेवलेल्या तरतुदींवर उभा होता.

चौथा प्रकार हिशेबाच्या वहीत घडतच नाही, म्हणून तो लेखापरीक्षकाच्या हाती कधीच लागत नाही. तिमाही तुटपुंजी दिसू लागली की जाहिरात थांबवायची, यंत्रांची देखभाल पुढे ढकलायची, संशोधनातील जागा रिकाम्या ठेवायच्या. प्रत्येक नोंद शंभर टक्के खरी, व्यवसाय मात्र पोखरला जातो. अमेरिकेतील ४०० हून अधिक वित्त अधिकाऱ्यांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात सुमारे ८० टक्क्यांनी सांगितले की नफ्याचे लक्ष्य गाठण्यासाठी आपण असे खर्च कापू. हिशेबातील लबाडीपेक्षा मला या प्रकाराची अधिक चिंता वाटते, कारण त्याला कोणताही नियम लागू करता येत नाही.

हे सगळे कशासाठी? बोनस हे उत्तर सर्वांना सुचते आणि ते अर्धे खरे आहे. १९८५ मधील एका नावाजलेल्या अभ्यासात असे दिसले की बोनसला किमान आणि कमाल मर्यादा असतील तर नफा कमाल मर्यादेच्या पलीकडे गेल्यावर, किंवा किमान मर्यादा गाठणे अशक्य झाल्यावर, अधिकारी नफा कमी दाखवणाऱ्या नोंदी निवडतात. हाती लागणार नसलेला बोनस पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्यासारखेच ते आहे. कर्ज देणाऱ्या बँकेने घातलेली गुणोत्तरांची अट, जवळ आलेली समभाग विक्री, कंपनी विकत घेण्याचा चाललेला सौदा ही इतर कारणे. आयातीपासून संरक्षण मागणाऱ्या उद्योगांनी चौकशीच्या काळात नफा कमी दाखवल्याचाही अभ्यास झालेला आहे. हजारो कंपन्यांचे आकडे एकत्र मांडून १९९७ मध्ये संशोधकांनी दाखवले की अगदी किरकोळ तोटा दाखवणाऱ्या कंपन्या अपेक्षेपेक्षा फार कमी आणि अगदी किरकोळ नफा दाखवणाऱ्या फार जास्त आहेत. शून्याच्या अलीकडची काही माणसे कोणीतरी उचलून पलीकडे ठेवावीत तसे ते चित्र दिसते.

आता लेखापरीक्षकांच्या नजरेतून हे कसे सुटते. आमचा अहवाल ‘वाजवी’ हमी देतो, संपूर्ण नाही, आणि ठरावीक रकमेपेक्षा लहान चुकांसाठी आम्ही अडून बसत नाही. प्रत्येक अंदाज वाजवी मर्यादेत आहे का, हे आम्ही पाहतो. उमेदीच्या काळात माझी स्वतःची चूक याच ठिकाणी झाली. एका कंपनीत मी उधारीची तरतूद, हमीची तरतूद, घसारा आणि मालसाठा या चारही अंदाजांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर मान्यता दिली. चारही मर्यादेत होते, पण चारही मर्यादेच्या एकाच टोकाला होते. मी ते एका कागदावर मांडले असते तर ती दिशा त्याच क्षणी दिसली असती. दोन वर्षांनी ती कंपनी उधारी वसूल होईना म्हणून अडचणीत आली, तेव्हा मी तो कागद तयार केला. तेव्हापासून प्रत्येक कामात तो मी सर्वांत आधी करू लागलो.

सामान्य झुकाव आणि उघड फसवणूक यांत रेषा आहे, पण ती एका उडीत ओलांडली जात नाही. सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रमुख रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिलेल्या कबुलीपत्रात म्हटले होते की खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातील तफावत आरंभी किरकोळ होती व वर्षांमागून वर्षे ती वाढत गेली. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत त्यांनी २,७०० कोटी रुपये महसूल आणि ६४९ कोटी रुपये परिचालन नफा (म्हणजे रोजच्या धंद्यातून झालेला नफा) दाखवला होता, तर पत्रानुसार खरे आकडे २,११२ कोटी आणि ६१ कोटी होते. वरची मुक्कामाची गोष्ट आठवा. हा खोटा नफा कुठे साठला होता? रोख आणि बँक शिल्लकेत. पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. डिसेंबर २००८ मध्ये मेटास या नावाच्या, राजू कुटुंबाशीच संबंधित कंपन्या विकत घेण्याचा जो प्रस्ताव भागधारकांच्या रोषामुळे लगोलग मागे घ्यावा लागला, तो खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा अखेरचा प्रयत्न होता, असे त्यांनीच लिहिले. जर्मनीच्या वायरकार्ड या पैसे देण्याघेण्याच्या सेवा पुरवणाऱ्या कंपनीतही जून २०२० मध्ये १९० कोटी युरो बँकेत सापडले नाहीत. म्हणून ‘रोख तर खरी असतेच’ या समजुतीवर विसंबू नये. सरासरी शिल्लक आणि तिच्यावर मिळालेले व्याज यांचे प्रमाण काढून पाहावे. भरपूर रोख असूनही कंपनी महागडे कर्ज काढत असेल तर कारण विचारावे.

आपल्या कंपनीकडे वळतो. आपण हाताशी पाच-सहा वर्षांचे वार्षिक अहवाल घ्या. तिमाहीचे आकडे येथे फारसे उपयोगी नाहीत, कारण त्यांत टिपा तुटपुंज्या असतात. प्रथम प्रत्येक वर्षाचा निव्वळ नफा आणि परिचालनातून आलेली रोख शेजारी शेजारी लिहा आणि दोन्हींची संपूर्ण काळाची बेरीज करा. एखाद्या वर्षी तफावत असणे स्वाभाविक आहे. पाच-सहा वर्षांच्या बेरजेत रोख नफ्याच्या बरीच मागे असेल, तर ती रक्कम ताळेबंदात कुठे बसली आहे ते शोधायचे. झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत उधारी आणि मालसाठा वाढल्यामुळे ही तफावत पूर्णपणे निर्दोष असू शकते. बँका व विमा कंपन्यांना तर ही कसोटी लागूच पडत नाही, कारण तेथे ठेवी, कर्जे आणि प्रीमियम हाच कच्चा माल असतो. शिवाय ही रोखही सजवता येते: वर्षअखेरीला येणी सवलतीने विकून टाकली, पुरवठादारांचे पैसे दोन आठवडे रोखून धरले, की त्या दिवशीची रोख चांगली दिसते. त्यामुळे येणी विकल्याचा उल्लेख टिपांत आहे का आणि पुरवठादारांची देणी किती दिवसांची झाली, हेही सोबत पाहावे.

त्यानंतर येण्यांचे दिवस काढा, म्हणजे येणी भागिले वार्षिक विक्री, गुणिले ३६५. हे दिवस ६० वरून ९५ झाले आणि तरीही बुडीत उधारीच्या तरतुदीची टक्केवारी घटली असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याची शक्यता कमी आहे. असे परस्परांशी न जुळणारे आकडे मला कोणत्याही एका मोठ्या आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटतात. गुणोत्तरांची तयार सूत्रेही आहेत, उदाहरणार्थ १९९९ मध्ये लेखाशास्त्राचे संशोधक बेनिश यांनी मांडलेले आठ गुणोत्तरांचे सूत्र. ती चाळणी म्हणून वापरायला हरकत नाही, परंतु त्यांच्या जाळ्यात पुष्कळ निर्दोष कंपन्याही अडकतात, हे ध्यानात ठेवावे.

मात्र आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून, म्हणजे विक्री अस्थिर आणि नफा स्थिर, माझा पहिला संशय उसन्या महसुलापेक्षा तरतुदींच्या साठ्यावर जातो. तसे असेल तर ती बातमी काही प्रमाणात बरीही आहे, कारण दडवलेला नफा खरा तरी असतो. खर्चाचा मोठा भाग विक्रीबरोबर कमीजास्त होणारा असेल, किंवा विनिमय दराचा धोका आधीच करार करून नीट बांधून घेतलेला असेल, तरीही नफा काहीसा संथ राहू शकतो. अंदाज देणारे व्यवस्थापन मुद्दाम खालचा अंदाज देते, ही शक्यता तर फार मोठी आहे. तिच्यात हिशेबाचा काही संबंधच नाही.

हे वेगवेगळे करण्यासाठी टिपांमध्ये ‘तरतुदी’ या मथळ्याखालचा तक्ता उघडा. त्यात प्रत्येक तरतुदीची आरंभीची शिल्लक, वर्षात केलेली भर, प्रत्यक्ष वापरलेली रक्कम आणि न वापरता परत घेतलेली रक्कम अशा ओळी असतात. न वापरता परत घेतलेल्या रकमेची ओळ सहाही वर्षांची एका कागदावर उतरवा आणि तिच्या शेजारी त्या वर्षीचा नफा व जाहीर अंदाज लिहा. ज्या वर्षी धंदा मंद होता नेमक्या त्याच वर्षी परत घेतलेली रक्कम मोठी दिसत असेल, आणि ती वजा केल्यावर नफा अंदाजाच्या खाली जात असेल, तर आपल्या परिचितांचे म्हणणे निदान या कंपनीपुरते बरोबर आहे. मग भागधारकांच्या वार्षिक सभेत विचारण्यासाठी प्रश्नही तयार आहे: ही तरतूद मुळात कोणत्या घटनेसाठी केली होती, आणि ती घटना टळली हे आपल्याला कोणत्या तारखेला कळले?